खुलासा : ‘लाखांत पगार, मग पायलटला युनियन कशाला?’

विमानांचा गोंधळ झाला की हे वाक्य ठरलेलं. पायलटांची संघटना म्हणजे पगारवाढीसाठी प्रवाशांना वेठीला धरणं, असा समज आहे. संप झालेत, लोक विमानतळावर ताटकळलेत, हे खरंच. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या पायलटांनी एकदम सामूहिक आजारपणाची रजा टाकली होती!

पण पगाराची बोलणी त्या त्या कंपनीशी होतात. ड्यूटी किती आणि झोप किती, याचे नियम मात्र देशभरासाठी डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ठरवतं. तिथे एकट्या पायलटचं कोण ऐकणार? पहाटे तीनला, शरीर झोप मागत असताना, सलग दुसऱ्या-तिसऱ्या रात्री धावपट्टीवर विमान उतरवायचं. ‘थकलोय’ म्हटलं तर कामचुकार ठरण्याची धास्ती. म्हणून संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ च्या सुधारित नियमांत आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या ड्यूटीतली लँडिंग ६ वरून २ वर आली. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी २०२५ पर्यंत लांबली, ती गोष्ट वेगळी. हा फायदा मागे बसलेल्या प्रवाशालाही मिळतो.

राष्ट्रीय संघटनाच हवी असंही नाही. अमेरिकेत १९३१ पासून ‘आल्पा’ ही अनेक कंपन्यांच्या पायलटांची संघटना आहे. तरी अमेरिकन एअरलाइन्सचे पायलट १९६३ मध्ये तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. आणि कंपनीच बुडाली, तर कुठलीच संघटना नोकरी वाचवू शकत नाही.