पुरुषभर खाऱ्या पाण्यात उभी विमानं

गॅल्व्हेस्टन हे टेक्सासच्या किनाऱ्याला लागून असलेलं लांबट, सपाट बेट. पुढे मेक्सिकोचं आखात, मागे खाडी. बेटावरचा स्कोल्स विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम सहा फूट उंचीवर आहे. दुसऱ्या महायुद्धात तो लष्कराकडे होता. पुढे १९९०च्या दशकात त्याच्या हँगरांमध्ये ‘लोन स्टार फ्लाइट म्युझियम’ उभं राहिलं. हे संग्रहालय जरा वेगळ्या वळणाचं होतं. महायुद्धातली विमानं दोरीपलीकडून बघायला नुसती मांडून ठेवायची नाहीत, तर शक्य तेवढी उडती ठेवायची, असा तिथल्या लोकांचा हट्ट. ज्या विमानाचे सुटे भाग कुठलाच कारखाना आज बनवत नाही, ते उडतं ठेवणं म्हणजे काय, हे जुनी बुलेट सांभाळणाऱ्यांना थोडंफार कळेल.

सप्टेंबर २००८मध्ये आइक नावाचं हरिकेन, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, आखातात शिरलं, तेव्हा उडण्याच्या स्थितीत असलेली बरीच विमानं वैमानिकांनी बेटाबाहेर सुरक्षित जागी नेली. बी-१७ आणि बी-२५ ही संग्रहालयाची दोन मोठी बॉम्बर विमानं नंतरही कित्येक वर्षं उडत राहिली. पण ज्यांचं इंजिन उतरवलेलं होतं, ज्यांची दुरुस्ती अर्धवट होती किंवा जी कायमचीच जमिनीवर होती, ती जाणार कुठे? ती हँगरातच राहिली. १३ सप्टेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास आइकचा डोळा, म्हणजे वादळाचा शांत मध्यभाग, बेटाच्या पूर्व टोकावरून गेला. हँगरांत पुरुषभर पाणी भरलं, तेही खारं.

आइक किनाऱ्याला लागलं तेव्हा ‘दुसऱ्या श्रेणीचं’ होतं. वारे ताशी १७५ किलोमीटर. श्रेण्या पाच, त्यांतली ही दुसरी, म्हणून अनेकांनी घर सोडलं नाही. अमेरिकी हवामान खात्याने एक-दोन मजली घरांत थांबलेल्यांचा मृत्यू अटळ आहे, अशा शब्दांत इशारा दिला होता. इतकी थेट भाषा ते खातं सहसा वापरत नाही. पण लोक इशाऱ्याची भाषा वाचत नाहीत, आकडा वाचतात. आणि श्रेणीचा आकडा फक्त एकच गोष्ट सांगतो: वाऱ्याचा कमाल वेग. वादळ किती पसरलंय, हे त्यात येतच नाही. आइक अवाढव्य होतं. हरिकेनच्या वेगाचे वारे केंद्रापासून सुमारे १९० किलोमीटरपर्यंत पोचत होते. एवढा विस्तार आखाताच्या उथळ, हळूहळू उतरत जाणाऱ्या तळावर पाणी ढकलत आला, तर ते पाणी खाली जागा नसल्यामुळे वरच चढतं.

त्याहून विलक्षण गोष्ट आदल्या दिवशी घडली. शुक्रवारी, १२ तारखेला सकाळी वादळ शेकडो किलोमीटर दूर होतं, किनाऱ्यावर वारा समुद्राकडून येतही नव्हता, आणि तरी पाणी चढत होतं. शेजारच्या बोलिव्हर द्वीपकल्पावरचा एकमेव रस्ता पाण्याखाली गेला आणि ‘दुपारपर्यंत बघू, मग निघू’ म्हणणारे अडकले. तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांना त्यांना उचलून आणावं लागलं. या आगाऊ आलेल्या पाण्याचा उलगडा संशोधकांनी नंतर केला. वादळापुढचे वारे किनाऱ्याला समांतर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत होते. त्यांनी उथळ पाण्यात तसाच समांतर प्रवाह तयार केला. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात असा प्रवाह उजवीकडे वळू पाहतो, आणि पश्चिमेकडे तोंड केलं तर टेक्सासचा किनारा उजव्या हाताला येतो. पाणी किनाऱ्याशी रचलं गेलं, वादळ पोचण्याच्या १२ ते २४ तास आधी, सुमारे दोन मीटरपर्यंत. मुख्य उधाण त्यावर चढून आलं.

गॅल्व्हेस्टनला समुद्राची भीती नवी नाही. ८ सप्टेंबर १९००च्या वादळात इथे किमान सहा हजार माणसं मेली. अमेरिकेच्या इतिहासात एवढे बळी कुठल्याच नैसर्गिक आपत्तीत गेलेले नाहीत. त्यानंतर शहराने १७ फूट उंचीची समुद्रभिंत बांधली आणि इमारती जॅकवर उचलून खाली वाळू भरत गावाचं गाव उंच केलं. भिंतीने २००८मध्येही आपलं काम चोख केलं. पाणी तिच्यावरून आलं नाही, मागून आलं. डोळा बेटाच्या पूर्व टोकावरून गेल्यामुळे शहर त्याच्या डाव्या बाजूला पडलं. तिथे वारा उत्तरेकडून होता, आणि त्याने खाडीत आधीच साठलेलं पाणी बेटाच्या पाठीवर लोटलं. विमानतळ नेमका त्याच बाजूला.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. २७ जुलै १९४३ला याच भागात एक हरिकेन आलं होतं. जर्मन पाणबुड्यांना सुगावा लागू नये म्हणून त्याची हवामानवार्ता दाबून ठेवलेली होती. त्या दिवशी ब्रायनच्या लष्करी तळावरून जोसेफ डकवर्थ या वैमानिकाने राल्फ ओ’हेअर या नॅव्हिगेटरला सोबत घेतलं आणि एटी-६ टेक्सन हे एका इंजिनाचं शिकाऊ विमान सरळ त्या वादळाच्या डोळ्यात नेलं. जाणूनबुजून हरिकेनमध्ये शिरलेलं ते पहिलं उड्डाण. दोघं सुखरूप परतले, आणि डकवर्थ हवामान अधिकाऱ्याला घेऊन पुन्हा आत जाऊन आले. आज वादळांचा अंदाज ज्या विमानी निरीक्षणांवर उभा आहे, त्यांची सुरुवात या टेक्सनने केली.

म्हणजे हरिकेनच्या वाऱ्यातून सहीसलामत निघालेली ही जात. मग हँगरात शांतपणे चढणाऱ्या पाण्यापुढे ती का हरावी?

पहिलं कारण आर्किमिडीजचं. रिकाम्या टेक्सनचं वजन १,९०० किलोच्या आसपास आणि पंखांचं क्षेत्रफळ साडेतेवीस चौरस मीटर. तरंगायला त्याने सुमारे १.८५ घनमीटर समुद्राचं पाणी बाजूला सारलं की पुरे. भागाकार केला तर उत्तर येतं आठ सेंटिमीटर. पंखांत पाणी शिरायला वेळ लागला, तर ते सरासरी तेवढे बुडताच चाकं जमीन सोडतात. खरे पंख गळके असतात, पण पाणी आत झिरपायला वेळ लागतोच, आणि रिकाम्या इंधनटाक्या तर बंद डबेच. हँगरात तरंगू लागलेलं विमान मग एका जागी राहत नाही. ते शेजाऱ्यावर आपटतं, खांबाला अडकतं, आणि ओहोटीबरोबर पाणी उतरतं तेव्हा हत्यारांच्या कपाटावर नाहीतर दुसऱ्याच्या शेपटीवर बसतं. वाकलेला पत्रा मात्र डोळ्यांना दिसतो. दुसरं नुकसान दिसतच नाही.

विमान हलकं असावं म्हणून त्याचं अंग बहुतेक ठिकाणी एखाद मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं असतं. शुद्ध ॲल्युमिनियम गंजाला सहजी दाद देत नाही, कारण हवेत आल्याबरोबर त्यावर ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा बसतो. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनच विमानांत त्याचा तांबेमिश्रित मिश्रधातू वापरतात, त्यात साधारण चार टक्के तांबं. त्याने ताकद येते, पण तांब्याचे सूक्ष्म कण धातूत विखुरलेले राहतात. खारं पाणी चांगलं वीजवाहक. त्यातला क्लोराइड पापुद्रा फोडतो. मग प्रत्येक तांबेरी कण आणि त्याच्या भोवतीचं ॲल्युमिनियम यांच्यात एकेक बॅटरी सुरू होते, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. तयार झालेल्या खड्ड्याच्या आतलं पाणी आम्लधर्मी होत जातं, आणखी क्लोराइड आत ओढलं जातं, खड्डा खोल होतो. तो स्वतःलाच पोसतो.

हे ठाऊक असल्यामुळेच पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा मुलामा देतात. मात्र त्याची जाडी पत्र्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास. आणि हजारो रिव्हेटांसाठी भोकं पाडली की प्रत्येक भोकाच्या कडेला मुलाम्याखालचा धातू उघडा पडतोच. त्यात बोल्ट स्टीलचे, आणि चाकं व इंजिनाची काही आवरणं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. विमानबांधणीत वापरल्या जाणाऱ्या धातूंमध्ये मॅग्नेशियमइतकं चटकन विरघळणारं दुसरं काही नाही. हलकेपणासाठी केलेली प्रत्येक हुशारी खाऱ्या पाण्यात उलटते. मला यातलं सर्वांत क्रूर वाटतं ते हे: लोखंडी पूल किंवा रेल्वे इंजिन त्याच पाण्यात दोन दिवस उभं राहिलं, तर त्याची वरची कातडी गंजेल आणि खाली भरपूर धातू शिल्लक राहील. विमानाला कातडीच काय ती असते.

सगळ्यांत वाईट जागा म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेट मारलेले सांधे. त्या फटीत पाणी केशाकर्षणाने शिरतं आणि बाहेर यायला तयार नसतं. आतल्या गंजाचं आकारमान मूळ धातूच्या कितीतरी पट असतं. तो पत्रे फुगवतो, रिव्हेटांवर ताण आणतो. २८ एप्रिल १९८८ला हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७चं छत उड्डाणातच उडून गेलं आणि एक हवाईसेविका दगावली. त्यामागे सांध्यांतला गंज आणि धातूचा थकवा ही जोडगोळीच होती. ते विमान पाण्यात कधीच बुडालेलं नव्हतं, नुसतं खाऱ्या हवेत वाढलेलं होतं.

मग बुडालेलं विमान वाचवायचं कसं? पहिली पायरी सगळ्यांना ऐकायला उलटी वाटते: ते सुकू द्यायचं नाही. भरपूर गोड्या पाण्याने, आतून-बाहेरून, फटीफटीतून धुवायचं आणि मगच वाळवून तेल फवारायचं. कारण पाणी उडून गेलं तरी मीठ राहतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. हवेत ३३ टक्के सापेक्ष आर्द्रता असली की ते पाणी शोषून पाघळतं. गॅल्व्हेस्टनसारख्या बेटावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. त्यामुळे वरून सुकलेल्या विमानात बॅटऱ्या चालूच राहतात, महिनोन्‌महिने.

इथे विमानांचं दुखणं आणि गावाचं दुखणं एकच होऊन जातं. पहिल्या दोन दिवसांत हवं होतं गोडं पाणी, पंपाला वीज आणि माणसं. बेटावर नेमक्या या तिन्ही गोष्टी नव्हत्या. पाणीपुरवठा बंद, वीज नाही आणि रहिवाशांना परत यायची मुभा मिळाली ती २४ सप्टेंबरला. जे पुढे आले, त्यांची स्वतःची घरं चिखलात होती. संग्रहालय चालतं ते निवृत्त मेकॅनिक आणि हौशी स्वयंसेवकांच्या बळावर, आणि अशा वेळी आधी आपल्या भिंतींचं ओलं प्लास्टर खरवडायचं की संग्रहालयातलं इंजिन उघडायचं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारूही नये. गावातलं मोठं वैद्यकीय विद्यापीठ आणि रुग्णालयही पाण्यात गेलं, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. २०००च्या जनगणनेत ५७ हजारांवर असलेली शहराची वस्ती २०१०मध्ये ४८ हजारांच्या आत आली.

मिठाने झाडंही सोडली नाहीत. १९००नंतर गाव उंच केल्यावर लावलेले ओक वारा सोसून उभे होते. पण मातीतलं पाणी मुळांच्या आतल्या रसापेक्षा खारट झालं की मुळांना ते ओढून घेता येत नाही. ओल्या जमिनीत झाड तहानेने मरतं. शहराने सुमारे ४० हजार झाडं गमावली. कित्येक जागी लोकांनी बुंधे तोडू दिले नाहीत, त्यांवर मासे, पक्षी, देवदूत कोरून घेतले. ती शिल्पं बघायला आता पर्यटक येतात.

संग्रहालयात पुढचे निर्णय एकेका विमानासाठी घ्यावे लागतात. नुसतं मांडून ठेवायचं असेल, तर धुवून, गंज काढून, रंगवून भागतं. पुन्हा उडवायचं असेल तर सांधे उघडायचे, इंजिनाचा एकेक भाग सुटा करायचा, स्टीलचे भाग चुंबकीय कणांनी आणि ॲल्युमिनियमचे भेदक रंगाने तपासायचे. तेवढ्या खर्चात विमान पुन्हा बांधून होईल. इंग्लंडमध्ये जून २०१३मध्ये समुद्रातून वर काढलेल्या डॉर्निए-१७ या जर्मन बॉम्बरला संग्रहालयाने दीर्घकाळ सायट्रिक आम्लाच्या सौम्य फवाऱ्याखाली ठेवलं होतं, ते याच क्लोराइडला बाहेर काढण्यासाठी. आपल्याकडे गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमानसंग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन हे जुनं विमान उघड्यावर उभं आहे. वादळ न येताही समुद्राची हवा त्याच्याशी रोज तेच रसायनशास्त्र खेळते आहे. ते रंगवत राहणाऱ्या हातांचं मला फार कौतुक वाटतं.

गॅल्व्हेस्टनच्या मंडळींनी अखेर बेट सोडलं. सप्टेंबर २०१७च्या सुरुवातीला संग्रहालय ह्यूस्टनच्या एलिंग्टन विमानतळावर नव्या इमारतीत सुरू झालं, आणि योगायोग असा की जेमतेम आठवडाभर आधी हार्वे हरिकेनने याच प्रदेशात दीड मीटरपर्यंत पाऊस ओतला होता. नवी जागा स्कोल्सपेक्षा पंचवीसेक फूट उंच. ती कोरडी राहिली.

गाव मात्र हलवता येत नाही. म्हणून २००९मध्ये गॅल्व्हेस्टनच्याच विल्यम मेरेल या समुद्रशास्त्रज्ञाने खाडीच्या तोंडाशी प्रचंड दरवाजे बसवायची कल्पना मांडली. ‘आइक डाइक’ हे तिचं लोकांच्या तोंडी बसलेलं नाव. अमेरिकी काँग्रेसने त्या योजनेला २०२२च्या अखेरीस मान्यता दिली, तेव्हाचा अंदाजे खर्च ३४ अब्ज डॉलर. त्यातला एक व्यवहारी पेच अभियंत्यांना अजून छळतो. दरवाजे वादळ अगदी जवळ आल्यावर लावले, तर आगाऊ आलेलं पाणी खाडीत आधीच शिरलेलं असेल आणि दरवाज्याआड अडकेल. फार लवकर लावले, तर ह्यूस्टनच्या बंदराची जहाजं अडतील आणि नद्यांनी आणलेलं पावसाचं पाणी आत तुंबेल.