निवृत्तिवेतन, पोटगी आणि शुश्रूषा : सोलापुरातील वार्धक्याची पार्श्वभूमी

सोलापुरातील वृद्धांच्या प्रश्नाकडे पाहताना गिरणी, बिडी आणि यंत्रमाग हे तीन धंदे बाजूला ठेवता येत नाहीत. कामगार वस्तीतला माणूस कोणत्या वयात थकतो, थकल्यावर त्याच्या हाती काय उरते आणि दिवसभर त्याच्याजवळ कोण असते, हे येथे प्रामुख्याने या धंद्यांनी ठरवले आहे. म्हातारपणीच्या पैशाची तरतूद हळूहळू, अपुरी का होईना, होत गेली. मुलांवर जबाबदारी टाकणारे कायदेही झाले. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वर्षानुवर्षे सांभाळण्याचे काम मात्र घरातल्या बायकांवरच सोडून दिले गेले.

जुनी मिल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि तिच्यामागून शहरात इतर गिरण्या उभ्या राहिल्या. कापसाच्या धुळीत उमेद घालवलेल्या त्या काळच्या कामगाराला निवृत्तिवेतन नव्हते. अंगात ताकद असेपर्यंत काम आणि पुढे मुलगा किंवा गाव, एवढाच आधार होता. १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली, तेव्हा केंद्र सरकारने १९५० मध्ये केवळ या एका गिरणीसाठी खास कायदा करून तिचा कारभार हाती घेतला. या कायद्याला आव्हान देणारा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना मालमत्तेच्या हक्कासंदर्भात माहीत असतो. सोलापूरकरांच्या दृष्टीने मात्र गिरणी बंद पडणे हा, आयुष्यभराची नोकरी कशी एका रात्रीत जाऊ शकते, याचा पहिला मोठा अनुभव होता. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात आरंभीच्या सहा उद्योगांत कापडधंद्याचा समावेश झाला, म्हणजे सोलापूरच्या गिरणी कामगाराला म्हातारपणाची पुंजी मिळण्याचा मार्ग तेव्हा कुठे खुला झाला. पुढे गिरण्या बंद झाल्यावर बरेचसे काम छोट्या यंत्रमाग कारखान्यांत गेले आणि तिथे हे संरक्षण पुन्हा पातळ झाले.

बिडीचा इतिहास वेगळा आहे, आणि या विषयात तोच अधिक बोलका आहे. शहराच्या पूर्व भागातल्या, विशेषतः तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांतल्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून बिड्या वळत आल्या. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, हजाराच्या हिशेबाने बिड्या वळून नेऊन द्यायच्या, आणि त्याच खोलीत एका कोपऱ्यात सासू-सासऱ्यांचे अंथरूण, दुसऱ्या कोपऱ्यात लेकरू. काम घरात असल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला पाणी देणारा, कूस बदलून देणारा हात कायम जवळ राहिला. त्या हाताची मजुरी मात्र कोणी मोजली नाही. माझ्या मते सोलापुरात दीर्घकालीन शुश्रूषेची सोय उशिरापर्यंत उभी राहिली नाही याचे एक मोठे कारण इथे आहे : ही गरज घरखेपी, म्हणजे घरी बसून, काम करणाऱ्या बायकांनी गुपचूप भागवली, म्हणून ती कोणाच्या नजरेत आलीच नाही.

बिडी कामगारांसाठी १९६६ चा सेवाशर्तींचा कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला आणि १९७७ मध्ये बिडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला. घरी काम करणाऱ्या बाईला कामगार मानायचे की नाही, हा वाद त्यानंतरही चालला. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये तिला भविष्य निर्वाह निधीचा लाभ देणे योग्य ठरवले. या निधीला जोडलेल्या १९९५ च्या पेन्शन योजनेमुळे अशा स्त्रियांना दरमहा काही रक्कम सुरू झाली, पण २०१४ पासून ठरलेली किमान रक्कम हजार रुपये आहे, आणि तीही दरवर्षी हयातीचा दाखला दिल्यावर. पान कातरून-वळून बोटांचे ठसे झिजलेल्या बाईला अंगठ्याच्या यंत्रापुढे जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते, ही विसंगती इथल्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. २००६ मध्ये कुंभारी येथे गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगार स्त्रियांना दहा हजार घरे मिळाली. म्हातारपणी नावावर घर असणे या वर्गातल्या बाईसाठी लहान गोष्ट नव्हती.

ज्यांच्या नावावर कोणताही निधी नव्हता, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली, पुढे श्रावणबाळ योजना आली. केंद्राने १९९५ मध्ये राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन दरमहा ७५ रुपयांनी सुरू केले. राज्याच्या दोन्ही योजनांची रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. लोक तिला ‘पगार’ म्हणतात, आणि औषध-दूध एवढाच त्यातून खर्च निघतो.

जबाबदारीचा कायदेशीर धागाही जुना आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने आईवडिलांना पोटगी मागण्याचा हक्क दिला. विवाहित मुलगीही त्यातून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये स्पष्ट केले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांताधिकाऱ्यांपुढे, वकिलाशिवाय, अर्ज करण्याची सोय केली, दरमहा कमाल दहा हजार रुपयांची मर्यादा घातली, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवण्याचा मार्ग कलम २३ मध्ये ठेवला. मालमत्ता असणाऱ्याला हे कलम बळ देते. झोपडपट्टीतल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे जणांची सोय असलेला वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

आरोग्याचा विचार सर्वांत शेवटी आला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर वार्धक्य हा आंतरराष्ट्रीय विषय झाला, १९९९ मध्ये भारताने राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, फिजिओथेरपी आणि घरी पडून असणाऱ्यांना भेट देणारा आरोग्यसेवक ही त्यातली कल्पना होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात आजार मोजण्याऐवजी माणूस काय करू शकतो हे पाहावे, असे सांगितले. ही दृष्टी सोलापूरला चांगली लागू पडते. इथे नळाला काही दिवसांआड पाणी येते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. पाणी भरणे, साठवणे आणि वाकून काढणे जमेपर्यंत एकटी म्हातारी घर चालवू शकते, गुडघे गेले की संपले. रक्तदाबाची गोळी वेळेवर मिळाली तरी हा प्रश्न तसाच राहतो.

आता नोकरीसाठी मुले पुण्याला जातात, तरुण मुलींना बिडी नको आहे, आणि घरात बसून काम करता करता सांभाळणारी बाई कमी होत चालली आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यासाठी २०१९ च्या अखेरीस लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात सून-जावयांनाही ‘मुलां’च्या व्याख्येत घेण्याची, दहा हजारांची मर्यादा काढण्याची आणि घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांची नोंदणी करण्याची तरतूद होती. सतरावी लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित झाली आणि ते विधेयक संमत न होताच रद्द ठरले.