तेजी बेळगावात कोणत्या वाटेने आली

मार्च २०२० अखेर देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती (शेअर ठेवायची संगणकी खाती) होती. मार्च २०२४ पर्यंत ती १५ कोटींवर गेली. या वाढीत आपला बेळगाव भाग मागे नाही हे कळायला फार लांब जावं लागत नाही. उद्यमबागेत शिफ्ट सुटल्यावर चहाच्या गाड्याशी उभी राहिलेली पोरं, गणपत गल्लीतले दुकानदार, निपाणीचे तंबाखूवाले, खानापूरचे मास्तर, कुणाच्याही मोबाइलवर भावाच्या लाल-हिरव्या कांड्या हलताना दिसतात. "शेअर घेतलोय बघा, खरं कंपनी काय करत्या म्हाईत नाही," असं एकानं मला अगदी निर्मळपणे सांगितलं. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.)

त्याला हसण्यात अर्थ नाही. तेजीत माणूस कंपनी कमी आणि जमाना कुठे चाललाय याची बातमी जास्त विकत घेतो. ती बातमी त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने येते, त्यावर तो बाजारात असतो की बाजाराबाहेर, हे ठरतं. बेळगावच्या बाबतीत ही वाट दर खेपेला बदलत गेली. पहिल्या खेपेला ती बैलगाडीची होती.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्याआधी वीसेक वर्षं कंपनी सरकार धारवाड भागात अमेरिकन बियाणं रुजवायच्या खटपटीत होतं. सरकी वेगळी करायला दातेरी चक्रांची जिनंही आणली होती. 'धारवाड अमेरिकन' हे नाव इंग्लंडच्या बाजारात ठाऊक झालेलं होतं. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या जमिनीही कापसाच्याच. रेल्वे नव्हती. माल गाड्यांतून घाट उतरून कुमठ्याला, काही वेंगुर्ल्याला जायचा आणि तिथून गलबतांनी मुंबईला. उत्तर कॅनरा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला, त्यामागे कारवारचं बंदर कापसासाठी हवं असलेल्या मँचेस्टरवाल्यांचा रेटा होता. सीमा कुणाच्या सोयीने सरकतात याचा हा जुना दाखला. आमच्या भागात बसून तो वाचताना जरा वेगळंच वाटतं.

भाव कितीतरी पटींनी चढले. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा चढवल्या, अशी दंतकथा कापूसपट्ट्यांतून सांगितली जाते. मोठा पैसा साठला तो मात्र मुंबईत. तिथे त्याला एक नवं यंत्र सापडलं, आणि ते लोखंडाचं नव्हतं. मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचा कायदा हिंदुस्थानात १८५७ मध्ये आला आणि १८६० मध्ये बँकांनाही लागू झाला. कंपनी बुडाली तरी भागधारकाचं घरदार जात नाही, हे या यंत्राचं मर्म. माझ्या मते त्या शतकात वाफेच्या इंजिनाइतकाच फरक या कल्पनेने पाडला. धडाधड बँका निघाल्या, फायनान्शियल असोसिएशन निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. कापूस आणि शेअरचे दलाल प्रेमचंद रायचंद हे या खेळाचे अनभिषिक्त राजे. समुद्र बुजवणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेला.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला. कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ ला, वायदे फेडायच्या दिवशी, देणं चुकतं करायला कुणाकडे पैसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा एकेकाळी २,८५० रुपयांना गेलेला शेअर ८७ ला आला, आणि १८६८ मध्ये ती बँकच गुंडाळावी लागली. इकडे बैलहोंगलच्या कुणब्याकडे शेअर नव्हताच. त्याच्याकडे कापूस होता. मुंबईच्या तेजीत त्याला जागा नव्हती, पण पडलेला भाव त्याच्या बांधापर्यंत बरोबर पोचला.

या राखेतूनच ९ जुलै १८७५ रोजी मुंबईच्या दलालांची रीतसर संघटना उभी राहिली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच.

दुसरी वाट रुळांची. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर दक्षिण मराठा रेल्वेची आखणी झाली. कंपनी १८८२ मध्ये इंग्लंडात उभी राहिली, तिच्या शेअरवर सरकारी व्याजाची हमी होती. रूळ आमच्या रानांतून गेले, हमीचा बोजा इथल्या महसुलावर पडला आणि भागधारक मात्र सातासमुद्रापलीकडचे. लोभात पडायचीसुद्धा संधी बेळगावकराला मिळाली नाही, असं म्हणायला हरकत नाही.

यापेक्षा मला सायकलीची गोष्ट जास्त बोलकी वाटते.

१८८८ मध्ये जॉन डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी गुर्लहोसूरच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान घातलं. ते स्वतः मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. तिथून ते सायकली पाठवायचे आणि भाऊ रामुअण्णा इथे त्या विकायचे, वर चालवायलाही शिकवायचे. ग्राहक म्हणजे साहेबलोक, वकील, बडी मंडळी. किर्लोस्कर रोड हे नाव आपण रोज घेतो, पण त्या नावाच्या मुळाशी सायकल आहे हे किती जणांच्या लक्षात असतं कोण जाणे.

इंग्लंडात याच सायकलीवर शेअर बाजार वेडा झाला. हवेच्या टायरने सायकल मऊ झाली, बायकाही चालवू लागल्या, त्यापायी पेहराव बदलले, पाळत ठेवणाऱ्या मावश्यांवाचून तरुण पोरं-पोरी गावाबाहेर जाऊ लागली. वर्तमानपत्रांना रोज नवा विषय. १८९६ मध्ये अर्नेस्ट हूली नावाच्या गृहस्थाने डनलॉपची कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि जनतेला ५० लाखांना विकली. सायकल कंपन्यांचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. ज्यांना स्पोक कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं त्यांनीही बर्मिंगहॅममध्ये कंपन्या काढल्या. मग सायकली गरजेपेक्षा जास्त झाल्या, अमेरिकेतून स्वस्त माल आला आणि १८९८ संपेपर्यंत शेअरचं पार भुसकट झालं. सायकल मात्र स्वस्त होऊन कामगाराच्या हाती आली.

बेळगावात या तेजीचा वारासुद्धा लागला नाही. किर्लोस्कर सायकलीवरून यंत्रांकडे वळले, कडबा कापायची यंत्रं करू लागले आणि १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर केला. पहिले ४० नांगर खपायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बर्मिंगहॅममध्ये लोक न पाहिलेल्या कारखान्यावर पैसे लावत होते, आणि इथे डोळ्यांसमोर चालणाऱ्या नांगरावर विश्वास बसायला दोन वर्षं लागली. दोन्हीकडे माणसं तीच, भरवसा देणारी पद्धत वेगळी. नंतर नगरपालिकेला वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी झाली, औंधच्या राजांनी आसरा दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. बेळगावने काय घालवलं याची हळहळ अजून अधूनमधून ऐकू येते.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ शेअर हा आमच्याकडे पांढरपेशांच्याही बोलण्यात नसायचा. पैसा म्हणजे भिशी, पतसंस्था, सोनं, नाहीतर गावाकडे दोन एकर. १९५६ मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, पण व्यापाराचं तोंड मुंबई-कोल्हापूरकडेच राहिलं. तिसरी वाट उघडली ती पोस्टाची. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावला. कोका-कोला आणि आयबीएम निघून गेल्या. राहिलेल्यांनी शेअर विकायला काढले, आणि किंमत सरकारी अधिकारी ठरवत असल्यामुळे ते स्वस्तात मिळाले. साबण-टूथपेस्टच्या कंपनीचा मालक आपण पोस्टाने अर्ज पाठवून होऊ शकतो, हे नोकरदाराला पहिल्यांदा कळलं. १९७७ मध्ये रिलायन्स शेअर बाजारात आली, पॉलिस्टर घेऊन. त्या धाग्याने काय बदललं हे शहापूर-वडगावच्या विणकरांना विचारावं. सुती-रेशमी साडीच्या मागावर कृत्रिम धागा आला आणि हातमागाच्या जागी यंत्रमाग खडखडू लागला. बाजारातली तेजी त्यांच्या घरात आवाज बनून शिरली होती, शेअर एखाद्याकडेच असेल.

शेअर दलाल हर्षद मेहताच्या वेळची आठवण मात्र अनेक घरांत आहे. जुलै १९९० मध्ये सेन्सेक्सने, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाने, १,००० ओलांडला, २२ एप्रिल १९९२ ला तो ४,४६७ वर होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी घोटाळ्याची बातमी छापून आली. बँकांचा पैसा सरकारी रोख्यांच्या आडून शेअरमध्ये वळवला होता, हे पुढचं सगळं सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडची गोष्ट एसटीडी बूथची. गावोगाव पिवळ्या पाट्या नुकत्याच लागल्या होत्या, आणि थेट मुंबई-पुण्याला फोन लागतो या एका गोष्टीने बेळगाव बाजाराच्या जवळ आलं. जवळ म्हणजे किती? सकाळी ऑर्डर द्यायची, संध्याकाळी दलाल भाव सांगणार. दिवसभरातला सर्वांत महाग भाव घेणाऱ्याला आणि सर्वांत स्वस्त भाव विकणाऱ्याला का लागतो, हा प्रश्न विचारून उपयोग नसायचा, कारण पुरावा दलालाच्याच वहीत. मग शेअर सर्टिफिकेट टपालाने येणार, ट्रान्सफर डीडवरची (मालकी बदलायच्या कागदावरची) सही जुळली नाही म्हणून परत जाणार. आमच्याच घरात असं एक पाकीट तीनदा परत आलं आणि चौथ्यांदा वाटेतच गहाळ झालं.

या त्रासावरचा उतारा आकाशातून आला. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरचे व्यवहार सुरू केले ते उपग्रहाच्या जोरावर. दलालाच्या गच्चीवर उपग्रहाची छत्री लावली की मुंबईतला भाव त्याच क्षणी त्याच्या पडद्यावर. मुंबई शेअर बाजारालाही पुढच्याच वर्षी आपली रिंग (दलाल ओरडून सौदे करायचे ती जागा) सोडून संगणकावर यावं लागलं. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअर संगणकी खात्यात ठेवायची सोय झाली आणि कागदी सर्टिफिकेट संपत आलं. तेजी-मंदीच्या इतिहासात हर्षदला पानंच्या पानं मिळतात आणि या छत्रीला एक ओळ. माझ्या लेखी लहान गावांसाठी ती छत्रीच मोठी.

मधल्या काळात दिशाही बदलली. तोवर नशीब काढायचं तर पुण्या-मुंबईला. इन्फोसिस १९९३ मध्ये बाजारात आली, मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक या शेअर बाजारात नोंदवली गेली, आणि तेजीचं केंद्र पहिल्यांदाच बेंगळुरूला, म्हणजे आमच्याच राज्याच्या राजधानीत होतं. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ मध्ये बेळगावात आलं. मराठी घरांतली मुलं रात्रीच्या बसने बेंगळुरूला जाऊ लागली, कानडी अस्खलित बोलू लागली, आणि सोयरीक जुळवताना "मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे" हे जमिनीच्या उताऱ्याइतकं वजनदार वाक्य झालं. भाषेचा वाद रस्त्यावर होता तिथेच होता, घरातला व्यवहार पुढे सरकला. १० मार्च २००० ला नॅसडॅकचा निर्देशांक ५,०४८ वर गेला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत १,१०० च्या आसपास उतरला. नावात 'डॉट कॉम' किंवा 'इन्फोटेक' जोडून भाव चढवलेल्या कंपन्या नाहीशा झाल्या. रात्रीच्या बस मात्र वाढल्याच.

एक तेजी अशीही झाली जिचं घरच इथे होतं. विद्या आणि नरेंद्र मुरकुंबी या मायलेकांनी आंध्रातला एक बंद साखर कारखाना विकत घेऊन सौंदत्ती तालुक्यात मुनोळीला आणला. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या, म्हणजे रेणुकेच्या नावाने रेणुका शुगर्स. ऊस घालणारे शेतकरीच भागधारक. सहकारी कारखान्यांच्या मुलखात हे नवल होतं. २००५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा हवा इथेनॉलची होती. ब्राझीलमध्ये २००३ पासून पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या मोटारी विकल्या जात होत्या, ऊस म्हणजे उद्याचं तेल असं बोललं जात होतं. २०१० मध्ये रेणुकाने थेट ब्राझीलमधले कारखाने घेतले. मग साखरेचे भाव पडले, तिथलं चलन घसरलं, कर्ज डोईजड झालं, शेअर पार खाली आला आणि २०१८ मध्ये ताबा सिंगापूरच्या विल्मार कंपनीकडे गेला. आज पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. म्हणजे गोष्ट खरी ठरली. पण तिच्यासाठी काढलेलं कर्ज तितकी वर्षं थांबणारं नव्हतं.

आताची वाट खिशातली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, त्याच वर्षी यूपीआय. आधारवरून घरबसल्या खातं उघडू लागलं, शेअर घेऊन ठेवणाऱ्याची (डिलिव्हरीवरची) दलाली काही दलालांकडे शून्यावर आली. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडला आणि २५,९८१ वर बंद झाला, तेव्हा टाळेबंदीत घरी बसलेल्या पोरांना तोच भाव स्वस्ताईचा वाटला. पुढचं दीड वर्ष त्यांचं बरोबर ठरलं, आणि हीच पंचाईत झाली. आपण शहाणे असल्यामुळे पैसे मिळाले अशी समजूत एकदा झाली की माणूस ऑप्शनकडे, म्हणजे थोड्या पैशात पुढच्या भावावर लावायच्या पैजेकडे, वळतो.

भिशीत एक गोष्ट होती. समोरच्याचं घर ठाऊक असायचं. आता सल्ला देणारा टेलिग्रामवर शुद्ध मराठीत बोलतो, कोल्हापूरचा की कुठला ते कळत नाही, पण 'आपल्यातला' वाटतो. १८६५ च्या कुणब्याला बाजाराची भाषाच येत नव्हती म्हणून तो बाहेर राहिला. आता टिप मराठीत आणि धोक्याची सूचना बहुधा इंग्रजीत, अशी वाटणी झाली आहे. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या हिशेबानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. दहापैकी नऊजण हरतात ही सूचना आता अ‍ॅप उघडताना समोर येते. उद्यमबागेतल्या त्या पोराला मी विचारलं, हे वाचतोस का. "रोज येतंय की ओ," तो म्हणाला, आणि अंगठ्याने ती बाजूला सारून मला कालचा नफा दाखवू लागला.