विषाणूसंसर्गानंतरचे निद्राविकार

साध्या सर्दी-तापानंतर मोजक्या काही जणांच्या मेंदूतली झोप आणि जाग सांभाळणारी यंत्रणा बिघडते. त्यातून होणाऱ्या विकारांत क्लाइन-लेविन सिंड्रोम आणि नार्कोलेप्सी हे प्रमुख. विषाणू हे बहुधा निमित्त असते. प्रवृत्ती शरीरात आधीपासून असावी, असे मानतात.

१९१७ मध्ये व्हिएन्नात मेंदूविकारतज्ज्ञ फॉन इकोनोमो यांनी साथीने पसरलेल्या 'निद्रा-मेंदूज्वरा'चे वर्णन केले. मृतांच्या मेंदूत हायपोथॅलॅमसच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागाच्या) मागच्या बाजूला इजा असेल तर रुग्ण झोपून राहिलेला असे, पुढच्या बाजूला असेल तर त्याची झोप उडालेली असे. झोपेचे केंद्र मेंदूत शोधता येते, हे त्यातून कळले. त्या साथीचा विषाणू मात्र कधी सापडला नाही.

नार्कोलेप्सीच्या एका प्रकारात ओरेक्सिन हे जागे ठेवणारे रसायन तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी नष्ट होतात, बहुधा शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे. दिवसा अनावर झोप येते, खळखळून हसताना गुडघ्यांतले बळ जाते. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर चीनमध्ये असे रुग्ण वाढले. फिनलंड-स्वीडनमध्ये स्वाइन फ्लूवरची पँडेम्रिक्स लस घेतलेल्या मुलांतही ते वाढले. ती लस आता वापरात नाही.

क्लाइन-लेविन दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होतो, बहुतेकदा किशोरवयात आणि मुलग्यांना अधिक. पहिल्या झटक्याआधी अनेकांना फ्लूसारखा ताप येऊन गेलेला असतो. मग मूल दिवसाचे सोळा-वीस तास झोपते. लघवीला उठते, हाक मारली की चिडते, समोरचे सगळे स्वप्नातले वाटते असे सांगते. काही जण हाती लागेल ते खात सुटतात. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी मूल अगदी पूर्ववत होते, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. लिथियम या औषधाने काहींचे झटके कमी होतात. बऱ्याच जणांत ते काही वर्षांनी आपोआप थांबतात.

पावसाळ्यात ठाणे, कळवा, ऐरोलीत घरोघरी ताप असतो आणि 'व्हायरल आहे, उतरेल' म्हणून तो सोडूनही दिला जातो. नंतर दहावीचा मुलगा क्लासला उठेना, तर आधी अशक्तपणा, मग आळस, मग मोबाइलचे वेड आणि शेवटी 'बाहेरचे काहीतरी' अशी कारणे लागतात. 'कुंभकर्ण' म्हणून त्याची थट्टाही होते. ठाणे शहरात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि 'ठाण्याला पाठवा' हा टोमणा सगळ्यांच्या कानावर असतो, त्यामुळे मुलाचे असे वागणे लपवलेच जाते. ही लपवाछपवी मुलाला फार महाग पडते, कारण निदान मुख्यतः हकिकतीवरच होते. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या खाड्यांशेजारी तापाचे आणि झोपेचे दिवस लिहिले, झटक्यातल्या बोलण्याचा एखादा व्हिडिओ काढून ठेवला, तर न्यूरॉलॉजिस्टला त्याचा खरा उपयोग होतो.

ताप असतानाच गुंगी, आकडी, मान ताठणे किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर ही वेगळी गोष्ट आहे. तो मेंदूज्वर किंवा मेंदूचा मलेरिया असू शकतो; रुग्णाला त्याच क्षणी इस्पितळात न्यावे.