पार्श्वभूमी : ध्वनिमुद्रित आवाजाची पट्टी बदलते कशी?

ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये काळी एकमध्ये (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गायलेलं गाणं अर्धा स्वर वरच्या पांढरी दोनमध्ये न्यायला आज काही सेकंद पुरतात, आणि गाण्याची लांबी जराही बदलत नाही. खरा पराक्रम आहे तो या लांबी न बदलण्यात.

कारण ध्वनिमुद्रणात सूर आणि काळ सुरुवातीपासून एकमेकांना जखडलेले होते. तबकडी किंवा टेप जलद फिरवली की सूर चढतो, पण गाणंही लवकर संपतं. अर्ध्या स्वराने चढवायचं तर वेग सुमारे 6 टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि तीन मिनिटांच्या गाण्यातले दहा सेकंद जातात. वेग दुप्पट केला की आवाज थेट वरच्या सप्तकात. 1958 मध्ये अमेरिकेत रॉस बॅगदासारियन यांनी अर्ध्या वेगाच्या टेपवर संथ गाऊन ती नेहमीच्या वेगाने वाजवली; चिपमंक खारींचे चिरके आवाज त्यातूनच आले. आपल्याकडेही याचा एक परिणाम अजून भोगावा लागतो. सुरुवातीच्या तबकड्या मिनिटाला नेमक्या 78 फेऱ्यांनी मुद्रित झाल्या असतीलच असं नाही, त्यामुळे जुन्या गवयांची मूळ पट्टी नुसत्या तबकडीवरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

ही गाठ सोडवण्याचे पहिले प्रयत्न यांत्रिक होते. इलिनॉय विद्यापीठात ग्रँट फेअरबँक्स आणि सहकाऱ्यांनी 1954 मध्ये फिरत्या ड्रमवर टेप वाचणारे हेड बसवून टेपवरच्या आवाजाचे बारीक तुकडे गाळायची किंवा पुन्हा वाजवायची सोय केली; त्यामुळे सूर न हलवता लांबी कमी-जास्त करता येऊ लागली. हेच काम इव्हेंटाइड कंपनीच्या एच 910 या यंत्राने 1975 मध्ये डिजिटल मेमरीत केलं. त्याचं पहिलं गिऱ्हाईक कोण? न्यूयॉर्कचं एक टीव्ही केंद्र! जास्त जाहिराती बसवण्यासाठी जुनी मालिका तिथे जलद चालवली जाई, आणि पात्रांचे चढलेले आवाज या यंत्राने खाली आणले जात.

दुसरी वाट टेलिफोनच्या संशोधनातून आली. बेल लॅब्जमध्ये फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी 1966 मध्ये फेज व्होकोडर मांडला. आवाजाचे अनेक अरुंद कंप्रतापट्टे करायचे, प्रत्येकाची तीव्रता आणि कला (फेज, म्हणजे लहर तिच्या आवर्तनात कुठवर आली आहे ते) वेगवेगळी मोजायची आणि मग आवाज नव्याने उभा करायचा. संगणक पुरेसे वेगवान झाल्यावर ही रीत संगीतातही रुळली. तरी माणसाच्या आवाजाचा एक पेच उरलाच. घसा आणि तोंड यांच्या पोकळीचे अनुनाद सुराबरोबर वर-खाली सरकत नाहीत. ते सुराबरोबर वर ओढले की मोठ्या माणसाचा आवाज लहान मुलासारखा लागतो. म्हणूनच चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हे अनुनाद, म्हणजे फॉर्मंट, जागच्या जागी ठेवण्याची सोय असते.

इथपर्यंत सगळा खटाटोप सूर हलवण्याचा होता. बेसूर ओळखून तो आपोआप सुरात आणायचं काम अँडी हिल्डेब्रँड यांनी केलं. हे बासरीवादक होते, पण पेशाने तेलाचे साठे शोधणारे तज्ज्ञ. जमिनीत सोडलेल्या कंपनलहरी परत येतात तेव्हा त्यांचं विश्लेषण करण्यासाठी ऑटोकोरिलेशन हे गणित वापरतात. लहर स्वतःशीच ताडून ती किती काळाने पुन्हा तशीच येते हे पाहायचं. गळ्यातला सूर ओळखायलाही नेमकं हेच लागतं. 1997 मध्ये त्यांचं ऑटो-ट्यून बाजारात आलं. चूक गुपचूप झाकणं हा हेतू होता. पण 1998 मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये दुरुस्तीला लागणारा वेळ शून्यावर ठेवला गेला, आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर पायऱ्यापायऱ्यांनी उडू लागला आणि तीच शैली झाली. निर्मात्यांनी ही युक्ती सुरुवातीला लपवून ठेवली होती.

मला यातली कळीची गोष्ट वाटते ती ही की, अशा सॉफ्टवेअरचा 'बरोबर' स्वर सहसा पियानोच्या बारा समान घरांतला असतो. दरबारी कानडा रागाचा आंदोलित, म्हणजे हेलकावत लागणारा गंधार त्या घरात मावत नाही आणि मींड तर एका घरातून दुसऱ्यात जाण्याचा अख्खा प्रवास असते. दुरुस्ती कडक लावली की तो प्रवासच चूक ठरतो. म्युनिकच्या सेलेमोनी कंपनीचं मेलोडाइन 2001 मध्ये आलं, तेव्हापासून प्रत्येक स्वर पडद्यावर सुटा दिसतो. स्वराचा मध्य आणि त्यातली हालचाल वेगवेगळी हाताळता येते. मींड असलेल्या ओळीत आपोआप चालणारी दुरुस्ती बंदच ठेवावी, आणि न्यासाचा, म्हणजे ओळ जिथे विसावते तो स्वर खरोखर उतरला असेल तर तेवढाच हाताने चढवावा.