काळं रान कॅमेऱ्यात करडं काहून दिसतं?

जूनमधी एखादा दणकून पाऊस झाल्यावर परभणी-जिंतूरकडचं पेरणीआधीचं रान बघा. ओली माती अशी काळीभोर असते की बघत राहावं वाटतं. पण ऑटो मोडवर फ्रेमभर त्या मातीचाच फोटो काढला की स्क्रीनवर येते ती राखाडी, धुरकट माती. आता तेच रान नोव्हेंबरात घ्या, पऱ्हाटी फुटलेली, वेचणी चालू, जवळ जाऊन फ्रेमभर कापूस घेतला तर तो मळका येतो. म्हणजे काळं पण करडं आणि पांढरं पण करडं. कॅमेरा बिघडलेला नसतो, त्याला जे शिकवलंय ते तो इमानदारीत करत असतो. ते काय शिकवलंय हे एकदा समजलं की डायल फिरवून स्वतः सेटिंग करायचा छोटा कॅमेरा काय कामाचा असतो ते लगेच ध्यानात येतं. आणि माझं तर ठाम मत आहे की आपल्या मराठवाड्यात असा कॅमेरा खिशात पाहिजेच, कारण आपल्याकडं मधलं काही नसतंच, काळा बेसाल्ट, पांढरा कापूस, मे महिन्याचं ऊन नाहीतर लेण्यातला अंधार.

तर कॅमेऱ्यातलं मीटर फक्त एवढंच मोजतं की समोरून उजेड किती परत आला. समोर माती आहे का कापूस हे त्याला कळत नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी एक अंदाज धरलाय, की जगातल्या सगळ्या वस्तूंची सरासरी काढली तर ती पडलेल्या उजेडाचा साधारण १८ टक्के भाग परत फेकते, म्हणजे मधला करडा रंग. गल्ली, माणसं, झाडं, थोडं आभाळ असं सगळं मिसळलेलं असलं की हा अंदाज बरोबर बसतो. पण ओली काळी माती शंभरातला जेमतेम दहाएक भाग परत फेकते आणि कापूस सत्तरच्या वर. मीटर दोन्हीला ओढून ताणून मधल्या करड्यावर आणून बसवतं. नवीन कॅमेरे फ्रेमचे तुकडे करून, चेहरे ओळखून हिशोब लावतात, त्यानं फरक पडतो, पण अख्खी फ्रेम एकाच रंगाची असली की तेही फसतात.

उपाय सोपा आहे, आणि मला वाटतं कुठल्याही नवीन माणसानं पहिल्यांदा हाच शिकावा. प्लस-मायनसचा जो डायल असतो त्यावर कापसाला प्लस एक ते दीड, काळ्या मातीला मायनस एक. प्लस एक म्हणजे उजेड दुप्पट, मायनस एक म्हणजे अर्धा, आणि या एका पायरीला स्टॉप म्हणतात. मायनस दाबून अंधार का वाढवायचा, माती तर आधीच काळी आहे, असं नवीन माणसाला वाटतं, पण ती काळीच राहावी म्हणूनच मायनस लागतं. कापसाला प्लस करताना मात्र हिस्टोग्राम चालू ठेवा, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, डावीकडं काळं आणि उजवीकडं पांढरं. फुटलेल्या बोंडाचा हिस्टोग्राम उजव्या अंगाला ढिगासारखा दिसतो, तो ढीग उजव्या भिंतीला नुसता टेकला पाहिजे, भिंतीवर चढला की कापसाचे तंतू गेले, तिथं नुसता पांढरा डाग उरतो आणि तो नंतर कशानंच परत येत नाही. एका बोंडात चार-पाच कप्पे, प्रत्येक कप्प्यातल्या कापसावर बारीक सावलीची रेघ, बोंडाच्या वाळलेल्या टरफलाच्या टोकाला तपकिरी किनार, हे सगळं अर्ध्या स्टॉपच्या फरकानं दिसतं किंवा नाहीसं होतं.

आता कॅमेऱ्याबद्दल. मी बोलतोय ते खिशात मावणाऱ्या पण डायलवर एम (सगळं आपल्या हातात), ए (छिद्र आपल्या हातात), एस (शटर आपल्या हातात) असे मोड असणाऱ्या आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरनं मोजलेला कच्चा माल, देणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल. पॅनासोनिकचा एलएक्स ३ (२००८), कॅननचा एस ९० (२००९), सोनीचा आरएक्स १०० (२०१२), रिकोचा जीआर (२०१३), असे बरेच आले. २०१० च्या आसपास जगभरात वर्षाला १० कोटींच्या वर कॉम्पॅक्ट कॅमेरे जात होते, मग मोबाइल आला आणि हा धंदाच बसला. पण त्यातले हे चांगले कॅमेरे अजून लोकांकडं कपाटात पडलेत.

यांच्यातला खरा फरक सेन्सरच्या, म्हणजे आतल्या उजेड झेलणाऱ्या चिपच्या, आकाराचा. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलीमीटर, एस ९० चा ७.४ बाय ५.६, आणि आरएक्स १०० चा १३.२ बाय ८.८, ज्याला एक इंची म्हणतात पण त्याचा कर्णसुद्धा १६ मिलीमीटरच भरतो. म्हणजे साध्या कॉम्पॅक्टच्या जवळजवळ चौपट जागा. ही जागा काहून महत्त्वाची? कारण उजेड हा कणाकणानं येतो. सिलिकॉनवर फोटॉन पडला की इलेक्ट्रॉन सुटतो, पिक्सेल ते इलेक्ट्रॉन साठवतो आणि शेवटी मोजतो, बस. पण फोटॉन रांगेत येत नाहीत. वळवाच्या पावसाचे पहिले टपोरे थेंब अंगणातल्या शहाबादी फरशीवर कसे पडतात, एका फरशीवर तीन, शेजारची कोरडी, तिसरीवर एक, आणि पाऊस जोरात आला की सगळ्या फरश्या सारख्याच ओल्या, अगदी तसंच. याचं गणित पण ठरलेलं आहे, जितके फोटॉन मोजले त्याच्या वर्गमुळाएवढा चढउतार होतो. एका पिक्सेलवर १०,००० आले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का, दिसत पण नाही. १०० च आले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के, आणि तेच ते रात्रीच्या फोटोतले दाणे.

म्हणून आयएसओ वाढवल्यानं कॅमेरा जास्त उजेड पितो हा समज काढून टाका. आयएसओ म्हणजे जे मोजलं ते नंतर मोठं करून दाखवणं, त्यात फोटो आणि दाणे दोन्ही मोठे होतात. खरा उजेड वाढवायचे रस्ते दोनच, छिद्र मोठं करा नाहीतर शटर जास्त वेळ उघडं ठेवा.

छिद्राची गोष्ट छोट्या कॅमेऱ्यात वेगळी असते आणि मला ती फार आवडते. एस ९० ची लेन्स वाइडला, म्हणजे झूम न करता, खरी ६ मिलीमीटरची, आणि एफचा आकडा म्हणजे ही लांबी छिद्राच्या कितीपट आहे ते, त्यामुळं एफ २ ला छिद्र ३ मिलीमीटर आणि एफ ८ ला पाऊण मिलीमीटर. एवढ्या बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो, एका बिंदूची छोटी चकती होते. हिरव्या उजेडासाठी एफ ८ ला ही चकती जवळजवळ ११ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) होते आणि या कॅमेऱ्याचा पिक्सेल २ मायक्रॉनचा, म्हणजे एक बिंदू पाच पिक्सेलवर पसरला. म्हणूनच असले बरेच कॅमेरे एफ ८ च्या पुढं जाऊच देत नाहीत. मोठ्या कॅमेऱ्यावाले एफ ११, एफ १६ सांगतात ते ऐकून इथं एफ ८ लावलं तर फोटो उलट मऊ येतो. उन्हात एफ ४ ठेवा, शटर वाढवा. स्वच्छ उन्हाचा जुना हिशोब आहे, एफ १६ आणि आयएसओ १०० ला शटर साधारण १/१०० सेकंद, तर एफ ४ ला १/१६००, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे मधल्या दुपारी तो बरोबर लागू पडतो.

याच छोट्या लेन्सचा मोठा फायदा म्हणजे जवळून काढलेल्या फोटोत बरंच काही एकदम फोकसमधी येतं. एस ९० च्या सेन्सरचं एफ ४ हे फोकसच्या खोलीपुरतं फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, एफ १८ एवढं धरा. आमच्या मामाच्या रानात गुलाबी बोंडअळीचा संशय आला की आधी डोमकळ्या बघतात, फूल उमलत नाही, पाकळ्या गुंडाळलेल्या, आत अळी. डोमकळी उलगडून असा कॅमेरा मॅक्रोवर टाकून पाच सेंटीमीटरवर नेला, एफ ४, तर अळीचं तपकिरी डोकं आणि मागच्या पाकळीवरची कुरतडलेली जागा दोन्ही स्पष्ट येतात. तोच फोटो मोठ्या कॅमेऱ्यानं काढायचा तर अळीचं डोकं स्पष्ट आणि शेपूट धूसर. कृषी सहायकाला पाठवायला असा फोटो लागतो, सगळं दिसणारा. फक्त लेन्स एवढ्या जवळ नेली की तिचीच सावली पडते, म्हणून उन्हाकडं पाठ न करता आडवं उभं राहायचं.

आता दुपारचं. मामा बांधावर उभे आहेत, डोक्यावर पांढरी टोपी, ऊन डोक्यावर, कपाळ आणि डोळे सगळे सावलीत गेलेले. वर टोपी-धोतर पांढरं म्हणून मीटर फोटो अजून काळा करणार. अशा वेळी फ्लॅश मारा. भर दुपारी फ्लॅश म्हणलं की लोक बघायला लागतात, पण छोट्या कॅमेऱ्याची खरी ताकद इथंच आहे. मोठ्या एसएलआर कॅमेऱ्याचं शटर सेन्सरपुढून सरकणाऱ्या पडद्याचं असतं, १/२५० च्या वर गेलं की पूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडा राहतच नाही, नुसती फट सरकत जाते, म्हणून साधा फ्लॅश त्याच्या वर चालत नाही. बऱ्याच कॉम्पॅक्टमधी शटर लेन्सच्या आत असतं, पात्यांचं, ते मधातून उघडतं आणि सगळीकडं एकदमच उघडतं, म्हणून १/१००० ला सुद्धा फ्लॅश चालू शकतो. फ्लॅशचा उजेड एवढ्या कमी वेळात येऊन जातो की शटर १/२५० वरून १/१००० केलं तरी तो जवळजवळ तेवढाच मिळतो, पण उन्हाचा उजेड चौथा हिस्सा होतो. मग खिशातल्या कॅमेऱ्याचा तो इवलासा फ्लॅश उन्हाच्या बरोबरीला येतो, फक्त माणूस दीड-दोन मीटरवर पाहिजे. डोळ्यांत चमक येते, मागचं आभाळ निळं राहतं. मोबाइलचा एलईडी हे करू शकत नाही, तो सतत जळणारा दिवा आहे, शटर वाढवलं की तोही उन्हासारखाच कमी होतो.

अजिंठ्यात मात्र फ्लॅश नाही म्हणजे नाही, बंदी आहे आणि ती पाळलीच पाहिजे, ते रंग दीड हजार वर्षं टिकलेत. तिथं शटर १/८, एफ २, आयएसओ ४००, कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरून घेणारी सोय) चालू, दोन सेकंदांचा टायमर लावून कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून ताणून धरायचा, बटण दाबताना जो धक्का बसतो तो वाचतो. भिंतीला टेकायचं नाही. आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगाचा हिशोब कॅमेऱ्यानंच लावायची सोय, बंद करा. एक नंबर लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र बघा, गेरू, पिवळी माती, काजळी, बहुतेक तांबूस-पिवळट रंग. ऑटो व्हाइट बॅलन्सचाही धंदा सरासरीचाच, त्याला वाटतं चित्र पिवळं आहे म्हणजे दिवा पिवळा असणार, आणि तो निळा घालून गेरूचा जीव काढतो. खिशात पांढरा कागद ठेवा, तिथल्याच उजेडात त्याच्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. वेरूळला कैलासाच्या अंगणात दुपारी वेगळीच अडचण, सावलीतला काळा दगड आणि वर भाजलेलं आभाळ एकाच फ्रेममधी. कॅमेऱ्यानं तयार करून दिलेल्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमधी ४,०९६. आभाळ वाचेल एवढं कमी एक्स्पोजर घेऊन रॉ काढा, घरी कॉम्प्युटरवर सावलीतले हत्ती वर येतात.

रात्रीच्या आभाळासाठी डिसेंबरच बरा, आणि याचं कारण नुसतं स्वच्छ हवा नाही. उजेड नसताना सुद्धा उष्णतेनं सेन्सरमधी इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि साधारण दर ६ ते ८ अंशांना ते दुप्पट होतात. परभणीची थंडी सगळ्यांना माहीत आहे, १० अंशांची रात्र आणि मे महिन्यातली ३० अंशांची रात्र यात हा कचरा सहा ते दहा पट वाढतो. १५ सेकंद, एफ २, आयएसओ ८००, कॅमेरा विटेवर ठेवा, गावाबाहेर असाल तर मृग आणि कृत्तिका सहज येतात. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, पण ६ मिलीमीटरच्या लेन्सवर १५ सेकंदांत फार तर तीन पिक्सेल, म्हणजे ठिपका ठिपकाच राहतो. फोटो झाल्यावर कॅमेरा अजून १५ सेकंद अडकल्यासारखा होतो, घाबरू नका, तो शटर बंद ठेवून नुसत्या उष्णतेचा एक फोटो घेतो आणि तो पहिल्यातून वजा करतो.

जुना घ्यायचा असेल तर दुकानात उभ्या उभ्या काही गोष्टी बघून घ्या. झूम आतबाहेर करून आवाज ऐका, आपल्याकडची धूळ लेन्सच्या नळीत जाऊन गिअर धरते आणि तो खर्च परवडत नाही. मग एफ ८ लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, छिद्र बारीक असलं की सेन्सरवरच्या धुळीची सावली टोकदार पडते, एफ २ ला तीच धूळ दिसत नाही, म्हणून दुकानदार एफ २ वर दाखवत असेल तर स्वतः बदला. शेवटी नॉइज रिडक्शन (वर सांगितलेली वजा करायची सोय) बंद करता येत असेल तर बंद करून, लेन्सवर हात घट्ट धरून १५ सेकंदांचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. दोन-चार रंगीत ठिपके असतील तर चालतं, अख्खी रेघच्या रेघ चमकत असेल तर तो कॅमेरा सोडून द्या.