लेडीबर्ड (शब्दव्युत्पत्ती)

लाल पाठीवर काळे ठिपके असलेल्या, डाळीच्या दाण्याएवढ्या गोलसर भुंगेऱ्याचे ब्रिटनमधील इंग्रजी नाव. पिकावरची मावा ही कीड फस्त करणारा हा मित्रकीटक मराठी शेतकऱ्याला ढालकिडा म्हणून ठाऊक आहे.

नावातली ‘लेडी’ म्हणजे येशूची आई मरिया. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तिला ‘अवर लेडी’ म्हणत. मग हे नाव ‘लेडीज बर्ड’ का नाही? जुन्या इंग्रजीत या स्त्रीलिंगी शब्दाच्या षष्ठीला ‘स’ लागत नसे. जो प्रत्यय लागे तो पुढे झिजून गेला आणि ‘लेडी’ व ‘लेडीचा’ ही रूपे सारखीच दिसू लागली. २५ मार्चच्या मरियेच्या सणाला ‘लेडी डे’ म्हणतात, तेही यामुळेच. ‘लेडी’ हा शब्द मुळात फार घरगुती आहे. त्याच्या जुन्या रूपात ‘पाव’ आणि ‘मळणारी’ असे दोन अंश आहेत, म्हणजे ही पावाची कणीक मळणारी. ‘लॉर्ड’ हा तो पाव राखणारा!

मरियेशी नाते का जुळले, याचे उत्तर युरोपात सर्रास आढळणाऱ्या सात ठिपक्यांच्या जातीत शोधतात. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये तिला कॉक्सिनेला सेप्टेम्पंक्टाटा हे शास्त्रीय नाव दिले. सात ठिपके म्हणजे ख्रिस्ती परंपरेतली मरियेची सात दुःखे आणि लाल पाठ म्हणजे जुन्या चित्रांतला तिचा लाल झगा, असा अर्थ लावला जातो. पिकावर कीड पडली, शेतकऱ्यांनी मरियेचा धावा केला आणि हे किडे धावून आले, अशीही कथा सांगतात. ती नावावरून मागाहून रचलेली वाटते.

‘बर्ड’ म्हणजे पाखरू. किड्याला पाखरू म्हणणे विचित्र वाटेल, पण इंग्रजीतच त्याचे ‘लेडी-काऊ’, म्हणजे मरियेची गाय, असेही नाव होते. रशियन लोक त्याला ‘देवाची गाय’ म्हणतात, डॅनिश लोक ‘मरियेची कोंबडी’. हिब्रूत ती गाय ज्यूंचा प्रेषित मोशे याची होते. भुंगेऱ्याला भुंगेराच ठेवले ते जर्मनांनी: ‘मारीएनकेफर’, मरियेचा भुंगेरा.

अमेरिकेत ‘लेडीबग’ रुळले. ब्रिटिशांना मात्र ‘बग’ म्हटले की ढेकूण आठवे. कीटकशास्त्रज्ञांना दोन्ही नावे खटकतात, कारण हा किडा पाखरू तर नाहीच, आणि त्यांच्या लेखी ‘बग’ म्हणजे ढेकणाच्या गणातले, सोंडेने रस शोषणारे कीटक. ते ‘लेडी बीटल’ असे लिहितात.